टपरीमागचे दोन दगड

बिलकीस : गाडी भाजीनं भरलेली असती तर बसले असते. रिकाम्या पिकअपमध्ये या कडेवरच्या अम्रीनला घेऊन मी नाही बसायची. घरी जायला वेल्ह्याची एसटी येईलच आता.

दिलावर : अगं, नवऱ्याची नवी गाडी सोडून एसटीनं जाणार? इथं शिवऱ्यात माणसं हसतील मला.

बिलकीस : हसू दे. गेल्या साली मार्गासनीच्या वळणावर म्हैस आडवी आली नि आपली गाडी गर्रकन फिरली, तेव्हा कोण आलं होतं हसायला? सातवा महिना होता मला.

दिलावर : ती जुनी गाडी. हिच्या मागल्या चाकांना एबीएस हाय.

बिलकीस : ते करतं काय?

दिलावर : माल उतरला का गाडीची पाठ हलकी व्हती. जोरात ब्रेक मारला का मागची चाकं जाम व्हत्यात, आन् शेपूट पुढं येतं. चाक जाम व्हायला लागलं का हे यंत्र ब्रेक जरा सोडतं, परत धरतं. चाक फिरत ऱ्हातं, गाडी सरळ ऱ्हाती.

बिलकीस : तोंडी नको. त्या मोकळ्या माळावर करून दाखवा. आम्ही दोघी इथून बघतो.

(दिलावर रिकामी गाडी माळावर जोरात नेतो, करकचून ब्रेक मारतो आणि परत येतो.)

दिलावर : बघितलंस? सरळ रेघेत.

बिलकीस : मागची चाकं अडखळत का होईना, फिरत होती. पण पुढची तर जाम झाली. घासत गेली.

दिलावर : लई बारीक नजर तुझी. पुढं न्हाई ते यंत्र, नुसतं मागं.

बिलकीस : मग म्हशीला चुकवायला गाडी वळेल का?

दिलावर : पुढची चाकं जाम असली तर न्हाई वळायची. ब्रेक जरा ढिला करायचा, मंग वळती.

बिलकीस : थांबते तरी लवकर?

दिलावर : तसंबी न्हाई. गर्रकन फिरत न्हाई, एवढंच. हळू तर चालवायलाच लागती.

बिलकीस : म्हणजे आपले ते दोन दगड करायचे तेच काम. रिकामं परतताना तुम्ही हौद्यात ठेवायचा ना, पाठ दाबून धरायला?

दिलावर : व्हय.

बिलकीस : मग त्या दिवशी दगड असून कशी फिरली?

दिलावर : रस्ता वला व्हता. सांगितलं न्हवतं का?

बिलकीस : ते ऐकलं. दगड होते का मागं?

दिलावर : ...न्हवते. हौदा झाडायला म्याच खाली ठेवले, आन् चढवायचे इसरलो. त्या समोरच्या चहाच्या टपरीमागंच ऱ्हायले.

बिलकीस : वर्ष होत आलं. बोलला नाहीत.

दिलावर : तुझ्या तोंडाकडं बघून धीरच झाला न्हाई. म्हनून तर ही असली गाडी शोधत बसलो.

बिलकीस : अजून आहेत तिथं?

दिलावर : हायत. परत हात लावावासा वाटला न्हाई.

बिलकीस : घेऊन या.

दिलावर : आता कशाला? हिला न्हाई लागत.

बिलकीस : गाडीला नाही, आपल्या दाराशी पायरीला. अम्रीन धरून धरून उभी राहायला लागलीय, उद्या दारातून उतरायला लागेल. तुम्ही आणा, आम्ही दोघी गाडीत पुढं बसतो.