कळलं, पुढे सांग

…आणि वर मलाच विचारते, "आजी, या गोळ्या बॉबिनच्या डब्यात काय शिवायला ठेवल्यास?"

आता बोला. माझ्याच घरात, माझ्याच मशीनचा खण उघडून, माझ्याच डब्यातल्या गोळ्यांच्या पट्ट्या माझ्याच कापड बेतायच्या टेबलावर ओतून, माझीच नात मला जाब विचारते. आणि तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, दाराच्या चौकटीला टेकून चहा फुंकत उभा, जणू भांडण शेजारच्यांकडे चाललंय आणि याला फुकटात ऐकायला मिळतंय. मी म्हटलं, "ठेवल्यात. डबा माझा आहे."

"खायच्या सोडून?"

"खायच्या की ठेवायच्या, ते मला कळतं."

"डॉक्टरांना तर म्हणालीस, कळलं म्हणून."

"मग? कळलंच होतं."

तुम्हाला सांगते, मला कळत नाही असं या जगात आहे काय? पण थांबा, मधूनच सांगितलं तर तुम्ही त्या पोरीच्या बाजूचे व्हाल. ती दिसायला गरीब आहे, त्याचा फायदा घेते. आधीचं ऐका.

मी शाळेत गेले नाही. शाळेत भाऊ गेला. तो पुस्तक जमिनीवर पसरून वाचायचा आणि मी समोर बसून त्याच्या सदऱ्याची बटणं लावायची, त्यामुळे मला अक्षर आलं ते उलटं. आजही पुस्तक उलटं धरा, घडाघडा वाचते. सुलटं धरलंत तर क्षणभर अडखळते. शिवणही कोणी शिकवलं नाही. जुने कपडे आणायचे, उसवायचे, कसं शिवलं होतं ते बघायचं आणि परत शिवायचं. या हातांनी अर्ध्या गावाच्या पोरांचे गणवेश शिवलेत हो! माप घ्यायला पोरगं समोर उभं राहिलं की वर्षभरात किती वाढणार तेही सांगायची, दुमड तेवढी आत ठेवायची. अशा बाईला…

बरं. तर ही माझी नात नर्सिंगला गेली. हिला मी टाचणी म्हणते. अंगानं बारीक आणि टोचायला सदा तयार. हिच्या कॉलेजात एक मॅडम आहेत. शरीर आतून कसं चालतं आणि चालता चालता कुठे बिघडतं, ते शिकवतात. त्यांनी वर्गाला सांगितलं, घरी जा आणि ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला धडा समजावून सांगा. त्याला समजला तर तुम्हाला समजला. छान. टाचणी घरी आली. घरात हिचा बाप होता. ज्याला आजतागायत स्वतःच्या मोज्यांची जोडी लावता येत नाही, तो बाप समोर बसलेला होता हो… आणि हिनं निवड कोणाची केली? माझी!

मी म्हटलं, दाखवतेच हिला.

पहिला धडा पेशीचा. ही सांगते, आजी, आपलं सगळं शरीर पेशींचं, आणि पेशीच्या मधोमध केंद्रक. त्यात मूळ माहिती असते, ती बाहेर पाठवत नाहीत, तिची नक्कल करून पाठवतात, आणि त्या नकलेवरून बाहेर प्रथिनं तयार होतात. मी म्हटलं, "कळलं, पुढे सांग. मूळ माप कपाटात ठेवायचं आणि कागदावर उतरवून कारागिराला द्यायचं. हाती मूळ माप दिलं की तो त्यावर चहाचा कप ठेवतो. यात कॉलेजात जाऊन शिकण्यासारखं काय आहे?" पोरगी उडालीच. "आजी, तू कसली हुशार आहेस गं!"

झालं. इथेच सगळा घोळ झाला. माणसाला एकदा हुशार म्हटलं ना, की मग त्याला अडाणी व्हायची सोय उरत नाही.

दुसऱ्या धड्यात पेशीतलं वीजघर आलं. प्राणवायू मिळाला नाही की वीजघर बंद, वीजघर बंद की पंप बंद, पंप बंद की पेशीत पाणी शिरतं आणि पेशी फुगते. "कळलं?" "कळलं, पुढे सांग." आता खरं सांगू? मला एक शंका होती. ते पाणी आलं कुठून? बाहेर कोण नळ उघडा ठेवून गेलं होतं? आठवडाभर मी ती शंका उशाशी घेऊन झोपले. पण विचारलं का? नाव नको. हुशार होते ना मी.

मग आला दाहाचा धडा. ही खुर्चीवर पाय वर घेऊन बोटं मोजत होती: इजा झाली, जंतू शिरले की पांढऱ्या पेशी धावून येतात, तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि मग पाच खुणा दिसतात. जागा लाल होते, गरम होते, सुजते, दुखते, आणि पाचवी, तिचं काम बंद पडतं. "कळलं?" मी म्हटलं, "कळलं, पुढे सांग," आणि माझा उजवा हात हळूच शिवणाच्या कापडाखाली सरकवला.

कारण पाचही खुणा त्या हातावर होत्या.

सकाळी माझी बोटं उठत नाहीत. गरम पाण्याच्या पातेल्यात हात घालून बसते, मग सुट्टीच्या दिवशी घरातली पोरं उठतात तशी एकेक कुरकुरत उठतात. करंगळी सगळ्यात आळशी. कात्री धरली की सांध्यातून कळ जाते ती थेट दातांपर्यंत. मुलगा मला सांध्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. चांगला माणूस हो, चष्मा कपाळावर, पण बोलणं म्हणजे मोटर बसवलेलं मशीन, पाय ठेवला की सुटलं: "आजी, तुमची रोगप्रतिकारशक्ती तुमच्याच सांध्यांवर उलटली आहे, आपण ती जरा दाबू, ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही हं, ही पिवळी दुसऱ्या दिवशी, मधूनमधून रक्त तपासायचं, सोडलीत तर बोटं वाकडी होतील, कळलं?" आता मागे माणसं खोकतायत, पुढचा पेशंट अर्धा आत आलाय, डॉक्टरांचं पेन पुढच्या कागदावर टेकलंय… तुम्ही काय म्हणाल? "नाही कळलं, पहिल्यापासून सांगा" म्हणाल? म्हणून तर बघा एकदा. मी म्हटलं, "कळलं."

आणि घरी येऊन विचार केला. प्रतिकारशक्ती दाबायची? ज्या शक्तीनं मला जन्मभर उभं ठेवलं, गोवरात, तापात, दोन बाळंतपणांत, तिचा म्हातारपणी गळा दाबायचा? छे. उलट हात दुखतोय म्हणजे तीच बिचारी कमी पडत असणार. म्हणून गोळ्या बॉबिनच्या डब्यात, आणि मी औषधांच्या दुकानात. "शक्तीचं काही आहे का?" "आहे." "कोणती शक्ती वाढते?" "सगळीच." बाटलीवर दंड फुगवलेला माणूस होता. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. गोडही होतं.

आता तुम्ही हसताय. हसा. पुढचं ऐका.

टाचणीचा शेवटचा धडा नेमका हाच. "आजी, शरीरातल्या या शिपायांना लहानपणीच शिकवलं जातं, आपलं कोण आणि परकं कोण. जे आपल्यांवर धावतात त्यांना तिथेच बाद करतात. पण काही निसटतात, आणि मग ते आपल्याच अवयवांवर…" असं भराभरा, पापणी न लववता, पुस्तकातली ओळ न ओळ. "कळलं?" आणि मी, कापडाखाली हात, पोटात दोन चमचे टॉनिक, मान ताठ: "कळलं, पुढे सांग." पुढे काही नव्हतंच. धडा संपला होता. तिनं पुस्तक मिटलं. दोघी खूश.

परीक्षेत तोच प्रश्न आला. एका बाईची प्रतिकारशक्ती तिच्याच शरीरावर उलटली आहे, ती दाबणारं औषध का घ्यायचं, ते त्या बाईला समजेल असं सांगा. टाचणीनं पानं भरभरून लिहिलं. मॅडमनी खाली एवढंच लिहिलं, "पाठांतर उत्तम. बाईला काय कळलं?" आणि नापास. आता फेरपरीक्षा. त्यातही गेली तर वर्ष गेलं. तेव्हापासून पोरगी घरात फिरते ती बाही उसवल्यासारखी, आणि आज सकाळी एप्रनचं बटण तुटलं म्हणून माझ्या खणात बटण शोधायला गेली… बटण राहिलं, पट्ट्या सापडल्या.

तर भांडण इथे होतं.

"तू मला फसवलंस आजी," ती म्हणाली. "प्रत्येक धड्याला कळलं म्हणालीस."

"तू नापास झालीस त्यात मी काय केलं? पेपर मी लिहिला होता का?"

"तुला कळलं म्हणून मला वाटलं, मला येतंय!"

"म्हणजे तुला येत नव्हतं?"

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "नव्हतं. मॅडम विचारायच्या, कळलं? मी म्हणायची, कळलं. सगळा वर्गच म्हणतो."

तेवढ्यात चौकटीतून माझे चिरंजीव बोलले. सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि ते कशासाठी? "घराण्याचाच गुण आहे तो. मी पण मालकाला असंच म्हणतो." मी म्हटलं, "तू चहा पी."

मग तिनं खणातून ती दंडवाली बाटली काढली. उजेडात धरून वाचली, मागून, पुढून. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला माझ्याकडे उत्तर असतं. "आजी," ती म्हणाली, "या बाटलीनं काही वाढतं असं मी कुठे वाचलं नाही. पण वाढत असेल असं धर. कोणाची शक्ती वाढवतेयस? जे तुझी बोटं खातायत त्यांचीच ना?"

तुम्हाला सांगते, या घरात मला कोणी निरुत्तर केलं तर मी आधी त्याचा आवाज काढते, मग त्याचं वजन, मग त्याच्या आईकडचे. आज त्यातलं काही काढलं नाही. मी म्हटलं, "आण ते एप्रन इकडे. बटण लावते." कामाला लागलं की माणसाची अब्रू राहते.

सुई घेतली. दोरा घेतला. दोरा ओवायला कधी चष्मा लागला नाही मला, बोटांनाच दिसायचं. आता अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटेनात. दोरा एकीकडे, सुई दुसरीकडे. एकदा गेला बाजूनं. ओला करून परत. परत बाजूनं. ती बघत होती. हात पुढे केला नाही तिनं. तिला माहीत आहे, केला असता तर मी चावले असते. बाप चहा प्यायचा थांबला. मग सुईच पडली, आणि ती उचलायलाही मला जमेना.

टाचणीनं वाकून सुई उचलली आणि टेबलावर ठेवली. पुस्तक पिशवीत घातलं. "मी कॉलेजातून नाव काढून घेते आजी," ती म्हणाली. "झेरॉक्सच्या दुकानात माणूस हवाय म्हणून पाटी लागलीय. स्वतःच्या आजीला एक गोळी पटवता आली नाही मला. परकी माणसं खाटेवर पडून मान हलवतील, कळलं म्हणतील, आणि घरी जाऊन डब्यात ठेवतील. मला कळणारसुद्धा नाही."

आणि चपला घालायला लागली.

आता मला सांगा, माझं काय चुकलं होतं? "कळलं नाही" हे शाळेत जाणाऱ्यांनी म्हणायचं असतं. त्यांचा मास्तर समोर बसलेला असतो, तो परत सांगतो, त्याला पगारच त्याचा मिळतो. माझ्यासमोर कोण होतं? उलटं पुस्तक. पुस्तकाला "नाही कळलं" म्हटलं तर ते काय बोलणार? त्यापेक्षा कळलं म्हणायचं आणि गुपचूप उसवून बघायचं. आख्खा जन्म मी असाच काढला, आणि बरा काढला. पण हात कसा उसवून बघू हो? आणि जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासमोर पुस्तक घेऊन बसलं होतं, रोज संध्याकाळी, फक्त मला सांगायला… आणि ते चपला घालून निघालं होतं.

एक चप्पल घातली तिनं. दुसरीचा उसवलेला पट्टा अडकला होता. माझ्याकडून शिवून घ्यायचा राहिला होता, तो एकदाचा कामी आला.

मी घसा साफ केला. मुलानं दचकून बघितलं, त्याला वाटलं आता बॉम्ब पडणार. मी भिंतीकडे तोंड केलं, हात कापडाखालून काढून टेबलावर ठेवला, पाचही खुणा वर करून, आणि म्हटलं,

"टाचणे, बस खाली… मला नाही कळलं, पहिल्यापासून सांग."