काशीबाईंचा फोटो

त्वचारोगाच्या ओपीडीबाहेर शेजारी बसलेल्या म्हातारीच्या खवलेदार हाताकडे बघून शर्मिष्ठाने दोघींच्या मध्ये आपली पर्स ठेवली. म्हातारी मात्र सुनेजवळ डॉक्टरवर तापली होती.

"आई, हळू बोला. लोक ऐकतत."

"ऐकांदेत. अशी केस जिल्ह्यात नाय म्हणान डॉक्टरान माझो फोटो काढल्यान, डॉक्टरांच्या परिषदेत पडद्यार दाखवल्यान."

"डोळ्यांर काळी पट्टी मारली होती ना?"

"डोळ्यांर पट्टी, आणि हातार गोंदलेला घोवाचा नाव उघडा. फोटो मोबायलार फिरत गावात इलो. 'दत्ताराम' वाचून अख्ख्या वाडीन माका वळाखल्यान."

"पण डॉक्टर म्हणतत, ह्यो रोग लागणारो नाय."

"ता तुका सांगल्यान. गावाक कोण सांगतलो? देवळातल्या समाराधनेक दरवर्षी मी नारळ खवतंय. यंदा म्हणतत, काशीबाय, तू लांब बस."

नर्स दारात आली. "काशीबाई, डॉक्टरांना अजून एक फोटो हवाय."

"काढा. पण ह्या खेपेक माझा तोंड दिसांदे, आणि खाली मोठ्या अक्षरांनी लिवा, ह्यो रोग लागणारो नाय."

शर्मिष्ठाने मधली पर्स हळूच उचलली.

"रवांदे ती पर्स थयच," म्हातारी तिच्याकडे न बघता म्हणाली.