इंग्रजी सुधारून मिळणार नाही

न्हाई पोरी, टाईप करून देते, कार्बन लावून तीन प्रती देते, पर हे ‘बाई, इंग्रजी जरा भारी करून द्या’ न्हाई जमायचं. कोन म्हनलं तुला, शिवकांताबाई करून देतात? प्राध्यापकानं? त्याला काय जातंय म्हनायला! बस. आन हे बग, पहिलंच पान – ‘इट इज पर्टिनंट टू मेन्शन’. पर्टिनंट म्हंजे काय? सांग की. चौथ्या वर्षाला हाईस ना, सिव्हिलला? भोकरची पोर तू, नांदेडला शिकतेस, हितं लातूरच्या शिवारात येऊन चाळीस विहिरींत दोर सोडलास – आन पर्टिनंट म्हाईत न्हाई. मग लिवलंस कामून? वरच्या वर्षाच्या रिपोर्टात होतं! त्याच्यात त्याच्या वरच्या वर्षाच्या रिपोर्टातून आलं. कॉलेज निघाल्यापासून पोरं एकाच ताटातलं उष्टं खाऊन राहिलीत, चव कुनाला म्हाईत न्हाई. अर्थ इतकाच हाय त्याचा – ‘सांगन्यासारखं हाय’. आगं, सांगन्यासारखं हाय तर सांग की! मधीच खाकरतेस कशाला?

हसू नको. मराठी शाळेतून आलीस ह्याची लाज न्हाई – मी तर उदगीरची, घरी कानडी, मराठी शाळेतच शिकले, आन इंग्रजी शिकले बोटानं. हाव, बोटानं. मिनिटाला पन्नास शब्द. लातूर जिल्हा झाला, हितं समोर कलेक्टर हापिस उघडलं, त्यांना टायपिस्ट पुरंनात, मग मसुदे माझ्याकडं – टंचाई, टँकर, चारा. ती वाक्यं बोटांत जाऊन बसली. मतलब? मतलब कुनी इचारला! पोरं यायची, ‘बाई, साहेबाच्या इंग्रजीसारखं करा’ – करायची मी. त्यांचं साधं वाक्य घ्यायचं, त्याला हापिसाची शेपटी लावायची. लई नाव झालं. आसल्यानं काय होतं, ते ऐकायचंय तुला? ऐक मग.

दोन वर्षं झाली, मुरुडकडचा एक पोरगा होता, नरसिंग. त्यांच्या बुद्धविहाराकडच्या आळीतला पहिलाच इंजिनेरिंगला गेलेला. आपल्याच गावाचा रिपोर्ट केला त्यानं – पानी कुठं लागंल, कुठं न्हाई. दुष्काळ चालूच होता, बोअरची गाडी येनार होती, प्राध्यापक म्हनला, तुझा रिपोर्ट हापिसात देऊ. पोरानं काय लिवलं होतं? ‘नियर पाटील वेल, नो वॉटर. बिहाइंड विहार, वॉटर.’ पाटलाच्या विहिरीजवळ पानी न्हाई, विहाराच्या मागं हाय. झालं, संपलं. पर टाईप करनारीला हसू आलं – कोन होती कोन जाने – तिला वाटलं, हे काय तिसरीतल्या लेकरासारखं! तिनं ‘नो वॉटर’ काढलं आन ठोकलं, ‘पॉसिबिलिटी ऑफ वॉटर कॅनॉट बी रूल्ड आऊट’. कॅनॉट हाय, आऊट हाय – म्हंजे पानी न्हाईच, आसंच ना? तुला काय वाटतंय? बग, तुला बी तसंच वाटलं! उलटं हाय पोरी. पानी आसू शकतं, आसा अर्थ हाय त्याचा.

मग काय, पाटलाच्या वरच्या आळीला तेच पायजे होतं. इंजिनेराच्या रिपोर्टात हाय, तेही विहाराकडच्याच पोराच्या – गाडी पाटलाच्या विहिरीजवळ उभी केली. तीनशे फूट नुसता फुफाटा. गाडी गेली, यादीतल्या पुढच्या गावाला. सगळा उन्हाळा विहाराकडच्या बाया दीड कोस चालल्या. नरसिंगची माय, केवळाबाई, झिऱ्यात उतरली घागर घेऊन, वरची दरड बसली पायावर. मांडीचं हाड. अजून काठी घेऊन चालते. आन आळीतली लोकं काय म्हनली? साहेबरावाच्या नरसिंगनं शिकून काय केलं, तर आपलंच पानी लिवून घालवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक. म्हनला, नकाशात कोरडं दाखवतोस, वाक्यात पानी हाय म्हनतोस – खरं कुठलं? नकाशा, म्हनला पोरगा. मग हे वाक्य कुनी लिवलं? पोरगा ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला लागला. नापास केला त्याला. तितून आला तो थेट तिच्याकडं, रिपोर्ट मशीनवर ठेवला आन मला म्हनला –

हाव. मलाच म्हनला. आता निघालं तोंडातून तर निघालं.

म्हनला, ‘बाई, हे वाक्य माझं हाय का?’ मी म्हनलं, तुझंच आसंल, मी तर समोर बगून टाईप करते. ‘माझा हातानं लिवलेला कागद?’ म्हनलं, फेकला. खोटं. ह्याच टेबलाच्या खनात होता. दिला आसता तर परीक्षकाला दाखवला आसता त्यानं, गावाला दाखवला आसता, मायला वाचून दाखवला आसता. पर मी नवी पाटी रंगवायला टाकली होती – ‘इंग्रजी मसुदे सुधारून मिळतील’. शिवकांताबाईला इंग्रजी येत न्हाई म्हनले आसते. मायच्या पायाचं सांगत होता तो, आन मी रिबन बदलत बसले. वर बगितलंच न्हाई.

भांडला न्हाई. म्हनला, दुपारी तासभर मशीन द्या. सहा महिने आला. एका बोटानं टाईप करायचा. एक वाक्य झालं की मोठ्यानं वाचायचा, मग मराठीत सांगायचा – मला न्हाई, आपल्यालाच – ‘दोर कुनी सोडला? मी सोडला. मग मी, आसंच लिवायचं.’ त्याच्या वाक्याला मला हात लावू द्यायचा न्हाई. मी शेजारी बसून दुसऱ्यांचं बडवायची, कान तिकडं. खरं इंग्रजी मी तवा शिकले, पन्नाशीत. पास झाला. रिपोर्ट घेऊन हापिसात तीनदा उभा ऱ्हायला. विहाराच्या मागं बोअर घेतली, एकशे दहा फुटांवर पानी. आता हिमायतनगरला नोकरीला हाय म्हनतात.

तर हे घे तुझं. चाळीस विहिरी तू मोजल्यास, तर ‘मी मोजल्या’ आसं लिव. ‘मोजण्यात आल्या’ न्हाई. एका वाक्यात एकच गोष्ट. आधी आईला मराठीत सांगून बग, तिला कळलं तर इंग्रजी कर. जे मराठीत सांगता येत न्हाई ते तुलाच कळलेलं न्हाई. आन तो पर्टिनंट पुन्हा दिसला तर पान फाडून देईन.

काय? – मग त्याला सांगितलं का, कागद खनातच होता म्हनून?

तू रिपोर्टाचं बोल. तुला काय करायचंय त्याच्याशी?

न्हाई सांगितलं. ऊठ आता.