वुजू होईपर्यंत फोन गप्प

...आणि स्टुलावर चढून बघते तर गप्प! तुम्हाला सांगते, जीव नुसता दमून गेला. मागच्या दारी बांगडे साफ करत बसलेली, दोन्ही हात माशांचे, आत कपाटावर फोन कोकलतोय, मी उठते, गुडघे कुरकुरतात, हात धुते, चूळ भरते, नाकात पाणी घेते, तोंड धुते, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, मग पाय... म्हणजे नमाजाआधी करतो तो अख्खा वुजू, काही गाळायचं नाही... ओल्या पायांनी स्टुलावर चढते, फोनच्या गिलाफाची, म्हणजे कापडी खोळीची, नाडी सोडते, आणि फोनवर काय? सफियाआपा, मिस्ड कॉल! माझी सख्खी बहीण, सव्वा वर्षात माझ्याशी एक शब्द न बोललेली, तिचा फोन आला आणि मी पाय धूत होते!

तुम्ही म्हणाल, मरियमबी, फोन उचलायला वुजू कशाला? अहो, त्यात कुराणशरीफ आहे ना! मोतीबिंदूपासून छापील अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून सुनेने फोनात कुराण घालून दिलं, अक्षर केवढं, तर काजूच्या बोंडाएवढं! मी खूश. पण रात्री अंथरुणावर विचार आला, ज्यात अल्लाहचा कलाम तो फोन मी उशीजवळ टाकते? भाजीच्या पिशवीत घालते? माशाच्या हाताने धरते? तोबा! सकाळी उठले, माझ्या निकाहच्या ओढणीचा तुकडा होता, त्याचा गिलाफ शिवला आणि फोन ठेवला कपाटावर, घरातल्या सगळ्यात उंच जागी. चार्जिंगचं बटण खाली, फोन वर, मधे वायर झोपाळ्यासारखी. आमचे हे म्हणाले, "मोबाईल घेतलास की दर्गा बांधलास?" बोलू देत. मी हातच लावायचा तर वुजू करून लावणार, ठरलं म्हणजे ठरलं.

आणि फोनाला पाक, पवित्र ठेवायचं मला कारणही होतं, कारण या फोनानेच माझी बहीण तोडली. फोनाने कसली, मीच! मागल्या वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी आपा वैभववाडीहून आलेली, न्हाऊन मागच्या पायरीवर केस वाळवत बसली होती, केस मोकळे, ओढणी मांडीवर, सांदणं फुगली नाहीत म्हणून मला चिडवत तोंड भरून हसत होती. इतकी गोड दिसली! मी काढला फोटो. म्हटलं, पुण्याला लेकीला पाठवू, बघ तुझी खाला. पाठवला... आणि गेला कुठे? खानदानाच्या ग्रुपवर! चौऱ्याऐंशी माणसं! ज्या बाईने गॅसवाल्यापुढे चाळीस वर्षांत ओढणी खाली येऊ दिली नाही, तिचे मोकळे केस चौऱ्याऐंशी फोनांत! त्यात आपाचे व्याही. आणि व्याह्यांनी काय केलं? अंगठा दाखवला! वर केलेला!

मी घाबरून पुसला. पण पुसला तो माझ्यापुरता हो! माझ्या फोनातून गेला, म्हणून मी अल्हम्दुलिल्लाह म्हणून चहा ठेवला, आणि बाकीच्यांच्या फोनात आपा संध्याकाळपर्यंत हसतेय! आपाला कळलं तेव्हा ओरडली नाही, रडली नाही. पिशवी भरली, मला एवढंच म्हणाली, "माझ्या डोक्यावरची ओढणी तू काढलंस गो मरियम." आणि एसटीला जाऊन बसली.

ते वाक्य मी सव्वा वर्ष ऐकतेय. मी केलेला एकही फोन तिने घेतला नाही. मग मी मन्नत बोलले, या अल्लाह, कुराणाचे तीसही पारे याच फोनात वाचून पूर्ण करते, ज्या फोनाने बेअदबी झाली तोच अदबीने ठेवते, तू फक्त आपाचं मन वळव. आणि त्याने वळवलं! बाविसावा पारा चालू असताना फोन आला! आला, पण... वुजू होईपर्यंत फोन गप्प!

उलटा लावला? लावला की! दहा वेळा! आपा उचलेल तर शपथ. मोठी आहे, तिचा मान मोठा. तिनेच करायचा, मी फक्त घ्यायचा, आणि नेमकं तेवढंच मला जमेना.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता सकाळपासून वुजूतच राहते. पण वय झालं, पोटात वारा धरतो, वुजू काय दिवसभर टिकतो? जास्त विचारू नका. न्हाणीघरात शिरले आणि वाजला!

तिसऱ्या वेळी आमच्या शेजारची तुळसाकाकी मासे घेऊन दारात बसलेली. फोन वाजला तशी ती उठलीच, "उचलू काय गो मरियम? तुझ्या भयणीचो असतलो!" मी ओरडले, "नको नको, हात माशाचे तुझे!" ती बसली खाली. म्हणाली, "बरा बाय, आमच्याकडे पण पोथी सोवळ्यातच. पण पोथी काय वाजणा नाय गो!" ...वुजू होईपर्यंत फोन गप्प!

आणि चौथ्या वेळी माझा वुजू होता हो! अगदी ताजा! पण मी असरच्या नमाजात सजद्यात होते. कपाळ जमिनीवर, कान कपाटावर! अल्लाह माफ करो, त्या दिवशी नमाजाच्या किती रकात झाल्या ते मला आठवेना, परत पढले.

तेव्हा मात्र नको ते मनात आलं. आपाला साखरेचा आजार, घरी एकटी, चार-चार फोन करते म्हणजे काही झालं तर नसेल? यांना म्हटलं, फोन उचलायला वुजू लागतोच का, मशिदीत मौलानांना विचारून या. हे परत आले, चप्पल काढतात, टोपी घडी करतात, पाणी पितात... अहो, बोला ना! म्हणाले, "मौलाना म्हणतात, ॲप बंद असेल तर फोन हा फोनच. हातात घ्यायला वुजू लागत नाही."

"एवढंच?"

"आणखी म्हणाले, 'भाभीला सांगा, फोनात काय बघतो, काय पाठवतो आणि कुणाबद्दल काय बोलतो, ते पाक ठेवा. आणि बहीण नातं जोडायला हाक मारत असताना स्टुलावर चढत बसू नका.'"

स्टुलाचं यांनीच सांगितलं असणार. चुगलखोर! पण खरं सांगू? मला रडू आलं. मी अल्लाहची अदब राखायला गेले आणि जी हाक त्याच्याकडे मागितली तीच चारदा चुकवली.

तेव्हापासून फोन ओट्यावर, स्वच्छ रुमालावर. वाचताना वुजू, उचलताना नुसता हात. दोन दिवस वाजला नाही. तिसऱ्या दिवशी घावन्याचं पीठ कालवत होते, दोन्ही हात पिठाचे, आणि वाजला! बिस्मिल्लाह म्हटलं आणि कोपराने उचलला, तुम्हाला सांगते, कोपराने!

"आपा!" म्हटलं, "आपा, बरी आसस मा? माका माफ कर गो, त्या फोटोचा..."

तिकडून आवाज आला, तोच, लहानपणी माझी वेणी घालताना यायचा तसा. "माका काय झाला नाय. आणि फोटोचा मी कधीच माफ केलंय. अल्लाह माफ करता, मी कोण? त्याच सांगूक फोन करी होतंय. पण चार फोन केलंय मरियम, चार! एकव उचललंस नाय! एवढो गर्व? त्या मी माफ करूचंय नाय!"

मी सांगितलं तिला, वुजूचं, गिलाफाचं, स्टुलाचं, सजद्याचं सगळं सांगितलं. पटत नाही. "आमच्यात फोन काय नाय? आमी कुराण वाचणव नाय?"

आता पंधरा दिवस झाले. तिने अजून माफ केलेलं नाही. आणि माफ केलेलं नाही हे सांगायला रोज फोन करते, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, एकेक तास.