अंबादासानं लिंबू पाडलं

मंडळी, जरा पुढं सरका, मागच्यांना बसू द्या — आणि ऐका! आज तुम्हाला एक प्रश्न घालतो. गप्प बसणं हे पुण्य, की पाप?

बोला की! … कुणीच नाही? बघा, सगळा मंडप गप्प! आता तुमचं हे गप्प बसणं मी कुठल्या बाजूला धरू?

तुमचीही चूक नाही म्हणा. शाळेत पाऊल टाकलं की गुरुजी पहिली दीक्षा कसली देतात? हाताची घडी, तोंडावर बोट! पुढं हाताची घडी सुटते, पण ते बोट काही तोंडावरून हलत नाही. आणि जो बोलत नाही त्याला लोक म्हणतात, काय गुणी माणूस हो! कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही! मग असा माणूस तरला, की बुडाला? आज उत्तर पोथीत शोधू नका. मला ते सापडलं एका सूतगिरणीच्या क्रीडादिनात!

हसता काय? खेळांचा दिवस जगभर असतो, बरं का. माझा भाचा जपानात असतो. तो सांगतो, तिथं शाळेच्या खेळांना अख्खं घर डबे बांधून, चटया घेऊन येतं. विलायतेत तर पोरांच्या आयांनाही पळवतात! आणि आपली लिंबू-चमचा आहे ना, ती तिकडंही आहे. फक्त ते लोक चमच्यात अंडं ठेवतात. आपण लिंबू! म्हणजे आपली शर्यत सोवळ्यातली!

तर मंडळी, इचलकरंजीच्या बाजूला एक सहकारी सूतगिरणी. तिथं स्टोअरमध्ये कामाला होता अंबादास कोळेकर. सरळ माणूस, निर्व्यसनी माणूस. आणि बोलणं? नाव नको! साहेब ओरडला — गप्प. कुणी त्याच्या डब्यातली भाजी पळवली — गप्प. घरी आई आणि बायको मंदाकिनी यांची जुंपली, की हा मधे बसून भाकरी खातोय! आई म्हणायची, "बघ, माझा ल्योक माझ्या बाजूनं हाय!" मंदाकिनी म्हणायची, "कधी म्हणाले तसं? ते माझ्या बाजूनं आहेत!" दोघीही खूश. आहे की नाही कला?

आणि याच कलेवर तो दरवर्षी बक्षीस मिळवायचा! कसलं? अहो, लिंबू-चमचाचं! चमचा दातात, हात पाठीमागं. हसलात — लिंबू खाली. शिंकलात — खाली. शेजाऱ्याला 'अरे सरक' म्हणालात — खाली! ज्याचं तोंड उघडलं, तो बाद. मग सांगा, हा खेळ अंबादासासाठीच काढला की नाही? बाकीचे निम्म्यात बाद व्हायचे आणि हा पठ्ठ्या नाकासमोर चालत फितीपर्यंत! घरात स्टीलचे डबे, स्टीलचे तांबे, स्टीलची चाळण — सगळी मौनाची कमाई! यंदा बक्षीस होतं प्रेशर कुकर. मंदाकिनीनं तर आदल्या दिवशीच ओट्यावर जागा पुसून ठेवली होती.

उजाडला क्रीडादिन! गिरणीमागचं मैदान, कर्णा लागलाय, बायका-पोरं नटून आलीत. अंबादासाकडं फक्कीचं काम. फक्की, म्हणजे ती चुन्याची पांढरी भुकटी, तिनं मैदानावर रेघा आखायच्या. घमेलं घेऊन बिचारा सकाळपासून आखतोय. रेघ पुसली की परत आखतोय.

पहिलीच शर्यत बायकांची रिले. चौघीजणी पळणार, हातातली दांडी एकीनं दुसरीला द्यायची. सूत गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्याकडून दोन नंबरला होती रत्नप्रभा, त्या खात्याच्या जॉबरची सख्खी भाची. जॉबर म्हणजे खात्यातल्या माणसांवरचा मुकादम. हिंदुराव चौगुले त्यांचं नाव, मिशी अशी! आणि तीन नंबरला होती तारा.

ही तारा कोण? ऐका. नवरा वारलेला, पदरी एक मुलगी. गिरणीत बदलीवर लागलेली. बदलीवर म्हणजे काय, कुणी रजेवर गेलं तर हिला काम, नाही तर गेटावरून परत! बोलावणं जॉबरच्या हातात. म्हणून बाई जीव तोडून काम करायची, आणि त्या दिवशी पळायलाही जीव तोडूनच उभी राहिली. साडीचा काचा मारला, हात मागं धरला, ये म्हणाली, ये!

रत्नप्रभा आली, पुढंच होती सगळ्यांच्या! पण दम लागलेला. तारेच्या हाताला दांडी लागायच्या आधीच तिनं सोडली. दांडी खाली! मागच्या सगळ्या पुढं! बक्षिसाची ढाल गेली!

हे कुणी पाहिलं? लांबून कुणालाच कळलं नाही. पण त्या रेघेला अगदी लागून घमेलं घेऊन कोण उभा होता? अंबादास! त्यानं डोळ्यांनी पाहिलं.

हिंदुराव धावत आले. "हाताला भोकं पडल्यात व्हय गं तुझ्या? हातात आलेली ढाल घालवलीस!"

तारा म्हणाली, "जॉबर, माझ्या हातात आलीच न्हाई दांडी. ह्यांनी बघितलंय की! अंबादासदादा, सांगा की!"

आणि मंडळी, सगळे अंबादासाकडं बघायला लागले. एक शब्द, फक्त एक! 'खरं आहे' एवढं म्हणायचं होतं. पण एकीकडं जॉबर आणि जॉबरची भाची, दुसरीकडं तारा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! अंबादासानं काय केलं? खाली वाकला आणि पुसलेली रेघ आखायला लागला.

तारा बाजूला जाऊन उभी राहिली.

दुपारी पोहे आले. अंबादासाला घास उतरेना. मंदाकिनी म्हणाली, "काय झालं हो?" हा म्हणाला, "कुठं काय." अहो, बोलण्याचं अजीर्ण होतं हे आपण पाहतो, पण न बोललेल्या शब्दाचंही होतं! तो पोटात जात नाही, वर येत नाही, मधेच अडकतो. अंबादासाला पहिल्यांदाच तसं झालं. त्याला वाटलं, आपण काय केलं? काहीच तर केलं नाही! मग हे कसलं टोचतंय?

इतक्यात कर्णा ओरडला, लिंबू-चमचावाले चला! अंबादास उठला. दातात चमचा, चमच्यात लिंबू, हात पाठीमागं. शिट्टी झाली!

दहा पावलांत कँटीनचा म्हादू शिंकला, गेला. अकाउंटवाले सबनीस स्वतःच्याच बायकोचं ओरडणं ऐकून हसले, गेले. अंबादास पुढं! समोर फीत दिसतेय. फितीची एक बाजू शिपायाच्या हातात, आणि दुसरी? दुसरी धरून तारा उभी! कुणीतरी म्हणालं, रिकामी आहेस तर धर, म्हणून धरलेली. मैदानाच्या कडेला मंदाकिनी टाचा उंचावून बघतेय, कुकर आला म्हणून समजा!

आणि तेवढ्यात हिंदुरावांचं लक्ष फितीकडं गेलं. माणूस वाईट नव्हता हो. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला! भर मैदानात ओरडले, "अरं, तिच्या हातात फीत कुणी दिली? काढून घ्या! पांढऱ्या पायाची बाई! नवरा घालवला, सकाळी ढाल घालवली, आता हितं कुणाचं वाटोळं करायला उभी राहिलीया?"

मंडळी, तारेची पोरगी तिथंच होती. आईचा पदर धरून. तारेच्या हातातलं फितीचं टोक सुटलं. ती आईच्या पायांकडं बघायला लागली.

अंबादासानं ते पाहिलं. फीत चार पावलांवर. तोंड मिटून चार पावलं टाकली की कुकर घरात! आणि तोंड उघडलं तर? सांगा, काय करावं त्यानं? तुम्ही काय केलं असतं? … खरं सांगा हं!

अंबादासानं तोंड उघडलं! लिंबू पडलं! चमचा पडला! सगळं मैदान "आँ!" करून राहिलं.

"जॉबर," तो म्हणाला. आवाज फुटेना, वापरच नव्हता हो त्याचा! "जॉबर, दांडी तारेच्या हातात आलीच नव्हती. मी रेघेवर हुतो. मी बघितलंय. रत्नप्रभेनं आधीच सोडली."

"तुला कुणी इचारलं?"

"तारेनं इचारलं हुतं. सकाळी. मी बोललो न्हाई." त्यानं मैदानाकडं बोट दाखवलं. "आन् पांढऱ्या पायाची कुणाला म्हणताय? पहाटेपासनं फक्की मारतोय मी ह्या मैदानात. जरा खाली बघा. कुणाचं पाय पांढरं न्हाईत, दाखवा मला!"

आणि काय सांगू! सगळ्यांनी खाली पाहिलं. साहेबांचे बूट पांढरे! सबनिसांच्या चपला पांढऱ्या! मंदाकिनीच्या नव्या साडीचा काठ पांढरा! आणि हिंदुराव? दिवसभर सगळ्या मैदानभर तेच हिंडलेले — घोट्यापर्यंत पांढरे!

कुणी हसलं नाही, बरं का. मागून एक बारीक आवाज आला. रत्नप्रभा! "मामा, माझ्याच हातनं सुटली. दम लागला हुता. तुमी चिडाल म्हणून बोलले न्हाई." बघा मंडळी, एक तोंड उघडलं की दुसरं उघडतं! सकाळपासून ती पोरही तोच घास घशात घेऊन बसली होती.

हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला. माफी मागायची सवय नव्हती त्यांना. तारेजवळ गेले, फितीचं सुटलेलं टोक उचलून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "नीट धर. अजून शर्यती हाईत." तेवढंच. पण त्यांना तेवढंही जड गेलं, आणि दिलं त्यांनी, हेही सांगितलं पाहिजे.

कुकर? कुकर गेला बॉयलरवरच्या कांबळेमामांना. त्यांना कमी ऐकू येतं! एवढं रामायण झालं, त्यांना पत्ताच नाही. ते आपले लिंबू घेऊन फितीपर्यंत चालत गेले!

अंबादास मंदाकिनीसमोर आला, मान खाली घालून. आता ऐकून घ्यायची तयारी! मंदाकिनी म्हणाली, "जाऊ दे तो कुकर. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुमचा आवाज ऐकला मी. चांगला आहे की!"

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. अंबादास तरला, टाळ्या वाजवा! थांबा. खरी गोष्ट पुढंच आहे.

खेळ संपल्यावर तारा अंबादासाजवळ आली. त्याला वाटलं, आभार मानेल. तिनं मानलेही. हात जोडले. मग म्हणाली, "दादा, एक सांगू का? राग मानू नका. सकाळीच बोलला असता तर बरं झालं असतं."

"चुकलं माझं," अंबादास म्हणाला.

"जॉबरच्या बोलण्याचं न्हाई हो काय वाटलं, त्याची सवय हाय. पर तुमी बघितलं हुतं. आन् बघून तुमी गप्प. दुपारपत्तूर मीच मनाशी म्हणायला लागले हुते — सुटली असंल माझ्याच हातनं. असंल बाई मी तसलीच."

ऐकलंत मंडळी? … ऐकलंत? शिवी देणाऱ्यानं तिच्या अंगावर फक्त चिखल उडवला. पण ज्यानं खरं पाहिलं होतं तो गप्प बसला, आणि तो चिखल तिला आपलाच रंग वाटायला लागला!

मग सांगा, गप्प बसणं पुण्य की पाप? रागाच्या वेळी गप्प बसा, पुण्य आहे. स्वतःची फुशारकी मारायची वेळ आली, गप्प बसा, मोठं पुण्य आहे! पण दुसऱ्यावर खोटं येतंय, आणि तुम्ही रेघेवर उभे होता, आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा?

अंबादासाच्या तोंडात चमचा दुपारी होता. सकाळी तर तोंड मोकळंच होतं की! तुमच्या तोंडात काय आहे हो? साहेबाचा चमचा? भावकीचा? 'आपल्याला काय करायचंय'चा? आणि कशासाठी सांभाळताय एवढं? कुठल्या कुकरसाठी?

मघाशी मी प्रश्न विचारला, तेव्हा तुम्ही गप्प बसलात. मी माफ केलं. आता परत विचारत नाही. घरी जाल, तेव्हा वाटेत कुणाचं तरी नाव आठवा. सुनेचं असेल, शेजारणीचं असेल, खात्यातल्या एखाद्या बदलीवाल्याचं असेल. जिच्यावर, ज्याच्यावर खोटं आलं, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. ते माणूस अजून स्वतःला तसलंच समजत बसलंय. त्याच्या दारात जा, आणि सांगा, "मी बघितलं होतं. तुझी चूक नव्हती."

उद्या नको. आजच. आणि त्या आधी देवाच्या नावानं तोंड उघडायची सवय करा. उघडा, मोठ्यानं उघडा, लिंबू पडलं तर पडू द्या! म्हणा — पांडुरंग हरी!