आधी समोरच्याचं सांगा

...आणि वर म्हणे शांतपणे बोला! अहो, शांतपणे बोलायचं असतं तर घरीच बसलो नसतो का? तिथं कोणी ऐकत नाही, पण शांतता भरपूर आहे. मी सभेला गेलो होतो भांडायला. बाह्या सरसावून, चार शिव्या तोंडात घोळवत गेलो होतो. तुम्हाला सांगतो, भांडायला आलेल्या माणसाला भांडू द्यावं.

विषय काय, तर आमची गल्ली. गाड्यांना बंद करायची की चालू ठेवायची. निम्मी गल्ली म्हणते बंद, निम्मी म्हणते चालू, आणि दोन्ही निम्म्या एकमेकींकडे बघून थुंकतात. आता गल्लीच्या मधोमध माझं स्कूटर दुरुस्तीचं दुकान. गल्ली बंद झाली तर लोक स्कूटर काय खांद्यावर घालून आणणार? म्हणजे दुकानाला टाळं, आणि मी दिवसभर बायकोच्या समोर. असे हाल कुत्र्याचे होऊ नयेत.

आणि बंद करा म्हणणारी कोण? समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई. शाळेतून कधीच निवृत्त झाल्या, पण आवाज अजून वर्गातच आहे. आमचं वैर जुनं आणि घट्ट. त्या वरून म्हणायच्या, "अहो मिस्त्री, हॉर्न बघताय की आमचा अंत बघताय?" मी खालून म्हणायचो, "बाई, दोन्ही अजून शाबूत आहेत." इतका सुखाचा शेजार होता.

सभा शाळेच्या वर्गात. पोराटोरांची बाकं, माझे गुडघे कानाला लागलेले. आणि अध्यक्ष कोण, तर आमचे जावई. घरात सासऱ्याला उलट बोलता येत नाही म्हणून हा मनुष्य सार्वजनिक कामात पडला. कुठल्याशा शिबिरातून एक नियम उचलून आणला होता. चष्मा पुसून म्हणतो कसा, "आज आपण आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं. समोरच्यानं 'हो, हेच' म्हटलं, की मगच आपलं. बाबा, तुमच्यापासून सुरुवात करू या."

म्हटलं, "जावईबापू, समोरच्याचं समोरचा सांगेल. त्याला तोंड आहे."

"नियम आहे, बाबा."

मुलगी दिलीय, काय बोलणार? उठलो. म्हटलं, "बाईंना आवाज सहन होत नाही. झालं?"

बाई म्हणाल्या, "अपूर्ण."

"बाईंना जगात कोणीच सहन होत नाही."

"चूक."

बघा! अर्धवट शाळा सोडून पळालेला मी, आणि ह्या वयात मला परत वर्गात उभं केलं. तुम्हाला सांगतो, भांडायला आलेल्या माणसाला...

बरं. "धूर नको, हॉर्न नको." "अपूर्ण." "बाईंना रस्त्यावरून चालता येत नाही." "पुढे?" पुढे काय, डोंबल? गुडघे ठणकत होते, माझं म्हणणं पोटात उड्या मारत होतं, म्हणून म्हटलं एकदाचं ओकून टाकू, आणि जे रोज दिसतं ते सांगत सुटलो... बाईंच्या मालकांना अर्धांगवायू झालाय, पाय ओढतात, डॉक्टर म्हणाला चाललात तरच पाय परत येईल, म्हणून बाई त्यांना रोज सकाळी जिना उतरवून आणतात, प्रत्येक पायरीवर आधी ह्या वाकून त्यांचा बूट नीट टेकवतात, मग ते वजन टाकतात, आणि दारात येऊन दोघं नुसती उभी, कारण समोरून सरसर गाड्या, फूटपाथ तर आमच्या गल्लीनं कधी पाहिलाच नाही, मग ते हातानंच म्हणतात राहू दे, की पुन्हा वर. मी समोरच पाना घेऊन बसलेला, मला नाही दिसणार तर कोणाला? आणि हल्ली तर बऱ्याचदा उतरतही नाहीत. पाय वाळत चाललाय माणसाचा.

बाई म्हणाल्या, "हो. हेच." आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

आता ह्याच्यावर भांडायचं कसं, तुम्हीच सांगा. माझ्या चारही शिव्या तोंडातल्या तोंडात विरघळल्या.

मग बाईंची पाळी. म्हटलं आता सूड. ही काहीतरी बरळणार, आणि मी "अपूर्ण, अपूर्ण" करून तिला उभी वाळवणार. तर बाई म्हणाल्या, "मिस्त्रींना पोरं पोसतात. दुकान ते पोटासाठी उघडत नाहीत. सकाळी उठून जायला एक जागा असावी म्हणून उघडतात. नव्या जागी पुन्हा मांडायचं वय राहिलं नाही. हे गेलं तर वर्षभरात अंथरूण धरतील." मी "अपूर्ण" म्हणायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. बायकोलासुद्धा बोललो नव्हतो हो मी हे.

"हेच ना?" बाईंनी विचारलं. मान हलवली. काय करता?

मग मतदान. जावई म्हणाला, "गल्ली बंद करावी असं ज्यांना वाटतं..." आणि माझा हात वर! शेजारचा किराणावाला कोपरानं ढोसतोय, "मिस्त्री, अहो आपण विरुद्ध आहोत." मला माहीत नव्हतं का? पण तो बूट डोळ्यांसमोरून हलेना. आणि बाईंचा हात? मांडीवर. "चालू ठेवावी" म्हटल्यावर वर आला.

ठराव पास. गल्ली बंद. म्हणजे मत माझं जिंकलं आणि दुकान माझं गेलं. गल्ली बाईंना मिळाली आणि मत बाईंचं पडलं. जावई म्हणतो, "बाबा, किती सभ्य चर्चा झाली." म्हटलं, मुलगी दिलीय म्हणून सभ्य, नाहीतर दाखवली असती सभ्यता.

आता रोज सकाळी बाई मालकांना घेऊन उतरतात. रस्त्याच्या मधून, राजासारखे, पाय ओढत चालतात ते. मी बंद शटरला टेकून वाट बघत असतो, की बाई काहीतरी खोचक बोलतील, मी दुप्पट खोचक बोलेन, दिवस तरी लागेल मार्गाला. तर बाई जवळ येतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "वाईट झालं हो, मिस्त्री. आपण हरलो."

आपण...

सबंध गल्लीत मनासारखं भांडायला एकच माणूस होतं, तुम्हाला सांगतो. तेही आमच्या बाजूला येऊन बसलं.