दोघांची एक पेन्सिल

...नाही, पण मी म्हणतो, वाकडी रेषा काढायला शिकवणी कशाला लागते हो? ती माणसाला उपजतच येते! सरळ काढायला शिकावं लागतं, आणि मी ती चौतीस वर्षं काढली, नकाशे काढायच्या कचेरीत, दुसऱ्यांच्या घरांच्या भिंती, जिने, खिडक्या, सगळं सरळ, आणि निवृत्त झाल्यावर मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, नुसते बसून राहू नका, कशात तरी मन रमवा, म्हणून चित्रकलेच्या कॉलेजात नाव घातलं, तर पहिल्याच दिवशी मॅडम म्हणतात, "काका, रेषेला मोकळं सोडा." मोकळं सोडायला ती काय म्हैस आहे? तक्रार नाही हो माझी, पण मॅडम माझ्या सुनेच्या वयाच्या, वर्गातली पोरं अठरा-एकोणीसची, आणि मधे मी, चष्मा, डबा आणि टोक केलेल्या सहा पेन्सिली घेऊन.

तुम्हाला सांगतो, काय काय करायला लावलं... डोळे मिटून रेषा काढा. काढली. सरळ आली. डाव्या हाताने काढा. काढली, तीही सरळ! दोरा शाईत बुडवून कागदावर टाका म्हणाल्या, बाकीच्यांचे दोरे कसे लाडात आल्यासारखे लोळले, माझा पडला तो शिस्तीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मॅडम येतात, वाकून बघतात आणि हळूच विचारतात, "काका, फूटपट्टी लावलीत ना?" नाही हो, हात आहे तो! गुडघे गेले, दात गेले, बायको गेली, हात तेवढा अजून थरथरत नाही, त्याला मी काय करू?

बरं. मग आला तो नवा उपक्रम. दोघांनी मिळून एकच पेन्सिल धरायची, कुणी ओढायची नाही, कुणी सोडायची नाही, दहा मिनिटं, एक अक्षर न बोलता. घरातल्या माणसाबरोबर करा, मॅडम म्हणाल्या, म्हणजे रेषा दोघांची होईल, आणि महिनाअखेरीच्या प्रदर्शनाला त्या माणसालाही घेऊन या. पोरं लागली कुजबुजायला, मी आईबरोबर, मी धाकटीबरोबर... मी वहीत लिहून घेतलं, 'घरातलं माणूस', आणि खाली दोनदा रेघ मारली. अर्थात सरळ.

आता घरात माणूस कुठून आणू? मुलगा परदेशात, विमानाने जायचं तिकडे. शेजारच्या वहिनींकडे गेलो, बेल वाजवली, दार उघडलं, आणि तोंडातून काय निघालं, तर "पेपर आला का हो तुमच्याकडे?" नाहीतर काय विचारणार? दहा मिनिटं माझ्या हाताशी हात लावून गप्प बसा, असं कुणाला सांगतात का? परत आलो. खुर्चीत बसलो. फार एकटं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि नेमका तेव्हाच स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाला.

आमचा फ्रिज म्हणजे काय सांगू... सुरू होताना आधी एक दणका देतो, मग हुडहुडी भरल्यासारखा थरथरतो, मग घूंऽऽ लावतो, आणि बंद होताना असा हुंदका देतो की आतल्या बाटल्या खणखणतात. बायको जाता-येता त्याच्या पाठीवर थाप मारायची, "गप रे." की हा गप. माझं कधी ऐकलं नाही त्याने, पण या घरात मी सोडून आवाज करणारा तो एकटाच. बाहेरून आलो की मी त्याला "आलो रे" म्हणतो. हसा, हसा. तक्रार नाही हो माझी.

तर टेबल सरकवलं, लांब फूटपट्टी चिकटपट्टीने फ्रिजच्या दाराला लावली, तिच्या टोकाला पेन्सिल बांधली, तीच पेन्सिल मी धरली, आणि दुसऱ्या हाताने कागद हळूहळू सरकवत राहिलो. दहा मिनिटं तो ओढत नव्हता, मी सोडत नव्हतो. आणि रेषा काय आली म्हणता! दचकली, थरथरली, जरा निवांत झाली, पुन्हा हुंदका देऊन थांबली... चौतीस वर्षांत माझ्या हातून असं काही उतरलं नव्हतं.

मॅडम कितीतरी वेळ त्या कागदापुढे उभ्या. "काका, कुणाबरोबर काढलीत?" म्हटलं, "घरातलंच माणूस." म्हणाल्या, जरा तापट दिसतंय, पण तुमचा हात सोडत नाही, प्रदर्शनाला नक्की आणा. तापट! आता फ्रिजला तापट म्हटल्यावर मी काय बोलणार?

मी आपला विचार करतोय, याला न्यायचा कसा, आणि रविवारी मुलाचा फोन. मागे घूंऽऽ चालूच. "बाबा, तो खटारा अजून ठेवलाय? नवीन पाठवतो. मुळीच आवाज करत नाही." त्याला काय सांगू, बाबा रे, मला आवाजच हवाय? काळजीने रजा टाकून धावत आला असता पोरगा. म्हटलं, "पाठव." गुरुवारी दोन माणसं आली, नवा ठेवला, जुना दोरीने बांधून जिन्याने उतरवायला काढला. एकजण विचारतो, दाराला ही चिकटपट्टी कसली? म्हटलं, असू दे. जाता जाता पाठीवर थाप मारली त्याच्या. 'गप रे' म्हणणार होतो, पण तो गप्पच होता.

प्रदर्शनात सगळ्यांच्या आया, बहिणी, भाऊ... आणि मी. मॅडमनी विचारलं, एकटेच आलात? म्हटलं, त्याला जावं लागलं. बरं, म्हणाल्या, मग आता घरात जे कुणी असेल त्याच्याबरोबर दोघांची आणखी एक रेषा काढा, काय बदललं ते मला बघायचंय.

काढली हो. टेबल सरकवलं, नव्याच्या दाराला फूटपट्टी लावली, पेन्सिल धरली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. "आहेस का रे?" म्हणून विचारलंसुद्धा. दार उघडून बघितलं, दिवा लागला, म्हणजे होता. कागद संपला.

सोमवारी मॅडमपुढे ठेवला. त्या वाकल्या, कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, "काका, फूटपट्टी लावलीत ना?"

म्हटलं, हो मॅडम, लावली. लावली तर होतीच... तक्रार नाही हो माझी.